आधीचा मालक

गाडी सोमवारी दुपारी आली. मिस्त्रीने हात पाठीशी बांधून तिच्याभोवती तीन चकरा मारल्या आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. सौदा फिसकटतोय असं वाटून दलालाने घाईघाईने आपलं पाठ केलेलं सुरू केलं.

"एकच मालक, मिस्त्री. म्हातारा माणूस. दवाखान्यात जाण्यापुरती काढायचा. हात लावावा लागणार नाही गाडीला."

मिस्त्रीने दार उघडून ब्रेकच्या पेडलवर अंगठा फिरवला. रबरावरच्या रेघा झिजून पार सपाट झाल्या होत्या.

"दवाखाना फार लांब होता वाटतं म्हाताऱ्याचा," तो म्हणाला.

दलाल हसला. हसायला त्याचं काय जात होतं! मीटरवर पन्नास हजार किलोमीटर दिसत होते आणि पेडल दीड लाखाच्या खाली यायला तयार नव्हतं. चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे होते. सर्व्हिसचं पुस्तक हरवलेलं, आधीच्या मालकाचा फोन कायमचा बंद. ऑइल कधी बदललं, बदललं तरी का, कुणाच्या हातून, काही म्हणजे काही कळायला मार्ग नव्हता.

एरवी असल्या गाडीला मिस्त्रीने दारातूनच वाटेला लावलं असतं. पण ही गाडी अंगाने लांब होती. मागचं सीट दुमडलं की माणूस पाय पसरून झोपेल एवढी सपाट जागा होत होती. मिस्त्रीला नेमकी तेवढीच जागा हवी होती, कारण त्याला ताईला झोपवून घरी आणायचं होतं.

ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मिस्त्री सहा वर्षांचा होता आणि ताई सतरा. तिने त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत पिटाळलं, शाळा जमेना तेव्हा कान धरून गॅरेजमध्ये कामाला लावलं. तो चार पैसे कमवायला लागेपर्यंत लग्नाला उभी राहणार नाही म्हणाली आणि भाऊजी बिचारे तिच्यासाठी चार वर्षं थांबले. मग ती चार तासांच्या रस्त्यावर दुसऱ्या शहरात गेली, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. मूलबाळ झालं नाही. तिचं जे काही लेकरू होतं ते इकडे गॅरेजमध्ये पाने आपटत होतं.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं. आता औषधापेक्षा घरच बरं, असं ते म्हणाले. त्याचा अर्थ ताईला कळला, भाऊजींना कळला, मिस्त्रीलाही कळला. त्यावर ताईने एकच मागणं मागितलं. जिथे लहानाची मोठी झाले त्या घरी मला ने. ते घर म्हणजे मिस्त्रीच्या गॅरेजमागच्या दोन खोल्या. अँब्युलन्स नको, असंही तिने बजावलं होतं.

"तीस वर्षं लोकांच्या गाड्यांत डोकं घालतोयस, बारकू. एकदा स्वतःच्या गाडीतून ने की मला."

तर अशी ती गाडी. दलाल गेला आणि मिस्त्री कामाला लागला.

अनोळखी गाडी तपासताना मिस्त्रीला बघावं. घाई नाही, आदळआपट नाही. आधी ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढून त्याने आतल्या बाजूने बोट फिरवलं. बोटाला काळा, जाड चिखल लागला. मग रेडिएटर. पाणी गंजलेलं, लालसर. मग गॅरेजमधल्या खड्ड्यात उतरून गाडीचं खालचं. दोन रबरी बुश फाटलेले, एका बोल्टचं डोकं कुणीतरी चुकीच्या पान्याने पार चावून ठेवलेलं. ब्रेकचे पॅड संपत आलेले. पण इंजिन सुरू केल्यावर ते एका दमात सुरू झालं, धूर नाही, गचके नाहीत. फक्त थंड असताना वरून बारीक टिकटिक यायची आणि गाडी तापली की कमी व्हायची.

संध्याकाळी ताईचा फोन आला. आवाज बारीक झाला होता, पण फोन स्वतःच करायची, भाऊजींना हात लावू देत नसे.

"आली का रे गाडी?"

"आली. थोडं काम आहे. परवा सकाळी निघतो."

"परवा म्हणजे बुधवार ना?"

"बुधवार."

"बघ हं. मी तयार होऊन बसते."

मंगळवारी मिस्त्रीने गॅरेजच्या दाराला फळी लावली, बाहेरचं काम बंद. पॅड बदलले, बुश बदलले, रेडिएटर धुऊन काढला, दोन टायर नवे बसवले. त्याच्या बायकोने मागच्या जागेवर गादी घातली, गादीवर धुतलेली चादर घातली आणि स्वतः आत आडवी होऊन बघितलं.

"मस्त आहे," ती आतूनच म्हणाली. "मलाच न्या कुठेतरी."

हे सगळं रीतसर झालं. मंगळवारी संध्याकाळी गाडी रस्त्याला लागायला तयार होती. पुढे जे झालं त्याच्याशी गाडीचा काही संबंध नाही.

अनोळखी गाडीच्या बाबतीत मिस्त्रीचा एक नियम होता आणि तो नियम त्याने शंभर जणांना ऐकवला होता, काहींना तर चांगलं फैलावर घेऊन. इतिहास माहीत नसलेल्या गाडीचा मळ एका दिवसात काढायचा नाही. साधं ऑइल बदलायचं, पाचशे किलोमीटर चालवायची, पुन्हा बदलायचं, पुन्हा चालवायची. वर्षानुवर्षं आत साचलेला गाळ जिथल्या तिथे चिकटून असतो, त्याच्यासकट इंजिन चालायला शिकलेलं असतं. इंजिन धुवायचं औषध ओतून तो एकदम सोडवला, तर त्याची ढेपळं होऊन खाली येतात आणि ऑइल ओढून घेणाऱ्या जाळीवर जाऊन बसतात. मग वर ऑइल चढत नाही. गाडी स्वच्छ होता होता मरते. मागच्याच वर्षी असं औषध ओतून आलेल्या एका गिऱ्हाइकाला मिस्त्रीने विचारलं होतं, "तुम्हाला गाडीचा एवढा पुळका आला होता का?"

बुधवारी सकाळी मिस्त्रीने अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, डबा घेतला आणि गाडी सुरू केली. टिकटिक. तो दोन मिनिटं तिथेच उभा राहिला. मग डबा खाली ठेवला.

"काय झालं?" बायकोने दारातून विचारलं.

"आवाज येतोय."

"कालही येत होता."

"तिला झोप नाहीये गेले पंधरा दिवस. चार तास डोक्याशी हे टिकटिक ऐकत येईल का ती?"

"अहो, ताईंना गाडीचा आवाज सोसेल. तुमची वाट बघणं सोसवेना झालंय त्यांना."

मिस्त्रीने शर्ट काढून खुंटीला लावला.

खरं सांगायचं तर तो घाबरला होता. दोन महिन्यांपूर्वी तो भेटून आला, तेव्हा उठताना ताईने आधाराला त्याचा हात धरला होता आणि त्याला तिच्या मनगटाचं हाडच हाताला लागलं होतं. तिथे जाऊन तिच्या उशाशी रिकाम्या हातांनी बसायचं, आणि काही म्हणजे काही दुरुस्त करता यायचं नाही. गाडीचं तसं नव्हतं. गाडीत अजून काहीतरी करण्यासारखं होतं. माणूस आपल्याला जे येतं त्याच्याआड लपतो, आणि मिस्त्रीला तर फार चांगलं येत होतं.

त्याने औषधाची बाटली आणली आणि इंजिनात ओतली. आपल्या हातून गाडी बिघडणार नाही, एवढंच त्याला वाटलं. इतरांना जमत नाही, आपण लक्ष ठेवू. दुपारपर्यंत इंजिन फिरवून त्याने काळं पाणी बाहेर काढलं, नवं ऑइल घातलं, नवा फिल्टर बसवला आणि किल्ली फिरवली. टिकटिक गेली होती. इंजिन चालू आहे की बंद, हे कळायला बॉनेटवर हात ठेवावा लागत होता.

त्याने आनंदाने ताईला फोन लावला आणि फोन इंजिनापाशी धरला.

"ऐक."

"काही ऐकू येत नाहीये रे."

"तेच तर! आवाजच नाही."

ताई हसली. हसता हसता खोकली आणि खोकला बराच वेळ थांबला नाही. मग दम खात म्हणाली, "मग निघ ना आता."

"आता निघालो तर परतायला अंधार होईल. उद्या सकाळी पहिलं काम तेच."

"बरं," ताई म्हणाली. "बारकू, मला काही थाटमाट नको आहे हं."

"माहीत आहे गं."

गुरुवारी सकाळी तो निघाला आणि कोपऱ्यावरच्या पेट्रोलपंपापर्यंत पोचला. तिथे ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. इंजिन बंद करायला त्याला दोन क्षण उशीर झाला आणि तेवढ्यात खालून ठकठक सुरू झाली. वरची टिकटिक नव्हे. खालची, आतली, जड ठकठक. गॅरेजमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला तो आवाज ओळखायला दुसऱ्यांदा ऐकावा लागत नाही.

ढकलत गाडी परत आली. त्याने खड्ड्यात उतरून इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर उतरवला. जाळी काळ्या ढेपळांनी गच्च भरली होती, सुईला जायला जागा नव्हती. वरच्या बेअरिंगांवर नखाला लागतील अशा रेघा उठल्या होत्या. मिस्त्री ती जाळी हातात घेऊन खड्ड्यात तसाच बसून राहिला. त्याला कुणी सांगायला नको होतं.

"काय निघालं?" वरून बायकोने विचारलं.

"आधीच्या मालकाने वाट लावलीये," मिस्त्री म्हणाला.

इतक्या सहज तोंडातून आलं की त्यालाही नवल वाटलं. बायको बिचारी हळहळली. तिला इंजिनातलं काय कळणार, तिने विश्वास ठेवला. मग तेच ताईला फोनवर सांगणं सोपं गेलं.

"आतून सगळी सडवलीये बघ त्या माणसाने. बेअरिंग बदलावी लागतील. दोन दिवस दे मला."

"दोन दिवस," ताई म्हणाली. ती मोजत असावी. मग म्हणाली, "मेल्याला माझीच गाडी सापडली होय नासवायला? भेटला कधी तर कान धर त्याचा."

"धरतो."

"चांगला पिळून धर. मी तुझा धरायची तसा."

मिस्त्रीने फोन ठेवला. बायकोने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "दुपारची बस आहे. गाडी पडू दे इथे. जाऊन बसा त्यांच्याजवळ."

"बसने जाऊन काय तोंड दाखवू? घ्यायला येतो म्हणालोय मी."

"त्या तुमचं तोंडच मागतायत हो. गाडी कुठे मागतायत?"

मिस्त्रीने ताट बाजूला सारलं. बाईमाणसाला कामातलं कळत नाही, असलं काहीतरी तो पुटपुटला. एवढी वर्षं संसार करून हे बोलायला त्याची जीभ रेटली, याचीही त्याला नंतर लाज वाटली. बस दुपारी गेली. शुक्रवारीही गेली.

शुक्रवारी त्याने बेअरिंगं बसवली. एकेक वस्तू भिंगाखाली धरावी तशी बघून, पुसून, ऑइल लावून. इतकं सुरेख काम त्याने जन्मात केलं नव्हतं. संध्याकाळी ताईचा फोन आला तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "निघालास का?"

"उद्या, ताई. नक्की उद्या."

"बरं," ती म्हणाली आणि फोन भाऊजींनी बंद केला.

शनिवारी सकाळी तो खड्ड्यात उभा राहून चेंबरचे बोल्ट आवळत होता. वर फोन वाजला. हात तेलकट होते म्हणून बायकोने घेतला. ती "हां, भाऊजी" म्हणाली आणि मग काहीच म्हणाली नाही. आठवडाभर फोन ताईच करायची. मिस्त्रीने वर बघितलं नाही.

"अहो," बायको म्हणाली. "वर या."

"अजून नऊ राहिलेत."

"अहो, वर या ना."

त्याने नऊच्या नऊ बोल्ट आवळले. बायको खड्ड्याच्या काठावर बसून रडत राहिली आणि तिने त्याला थांबवलं नाही. मग तो वर आला, ऑइल भरलं, हात धुतले आणि दोघं निघाले.

गाडी अप्रतिम चालली. चढावर दम खाल्ला नाही, उतारावर गचका दिला नाही, सगळ्या रस्त्यात लाल दिवा एकदाही पेटला नाही. मागच्या गादीवर धुतलेली चादर होती आणि वळणावर उशी इकडून तिकडे सरकत होती. बायको शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती. मिस्त्री मनातल्या मनात म्हणत होता, बिघड. एकदा तरी बिघड. निदान दोष तुझा होता असं तरी वाटू दे मला. चार तासांचा रस्ता पावणेचार तासांत संपला.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. ताई आतल्या खोलीत होती. तिच्या अंगावर बाहेर जायचे कपडे होते, केस विंचरून बांधलेले होते, आणि तिचा चेहरा इतका लहान झाला होता की मिस्त्रीला ती सतरा वर्षांची वाटली. त्याने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. पाय गार होते. काही वेळाने बायकोने त्याला खांद्याला धरून उठवलं.

भाऊजी बाल्कनीत खुर्चीवर बसले होते. आयुष्यभर हिशेबनिशी केलेला माणूस, बोलणं मोजकं. मिस्त्री त्यांच्यापाशी जमिनीवर बसला.

"बुधवारपासून रोज सकाळी कपडे बदलायला लावायची," भाऊजी म्हणाले. "मी म्हणायचो, त्याचा फोन आल्यावर बदलू. तर म्हणायची, तो जिना चढून येईल आणि मी अशी पडलेली, बरं दिसतं का? बदलायला अर्धा तास लागायचा. मग थकून झोपायची."

मिस्त्रीने नखांतलं काळं ऑइल अंगठ्याने खरवडलं.

"आज सकाळीही बदलले. मग म्हणाली, बारकूला बोलू नका हं. त्या माणसाने गाडीची वाट लावली, त्याला माझा भाऊ काय करणार?"

मिस्त्रीचा बांध फुटला तो तिथे.

"भाऊजी, त्या माणसाने काही केलं नव्हतं. गाडी आली तशी चालत होती. जशी होती तशी घेऊन निघालो असतो तर बुधवारी संध्याकाळी ताई माझ्या घरी असती. मी औषध ओतलं इंजिनात. ओतायचं नसतं, मला माहीत होतं. सगळ्या जगाला मीच सांगत फिरतो. माझ्या हातून बिघडली, भाऊजी. मी खोटं बोललो. तिच्याशीही खोटं बोललो."

भाऊजींनी त्याच्याकडे बघितलं. मिस्त्रीला वाटलं, आता हे हात उचलतील. त्यांनी उचलावा म्हणून तो थांबून राहिला. पण भाऊजींनी हात उचलला तो स्वतःच्याच तोंडावर धरला.

"तीन दिवस मी त्या माणसाला शिव्या घालतोय," ते म्हणाले. "तीही घालायची. दोघं मिळून घालायचो. त्याला मी बघितलेलं नाही, त्याचं नाव माहीत नाही. त्याच्यावर मी मरेपर्यंत रागावून राहू शकतो. तुझ्यावर रागावलो तर माझं कोण उरतं रे? तिच्या माणसांतला तू एकटा राहिलायस मला."

"भाऊजी..."

"हे तू मला सांगितलेलं नाहीस. कुणालाच सांगायचं नाही. बायकोलाही नाही. तो माणूस राहू दे मला."

खुर्चीचा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. मिस्त्रीने मान हलवली. दुसरं तो काय करणार होता? माफी मागायला आला होता, ती त्याला मिळाली नाही आणि शिक्षाही मिळाली नाही. आता हे ओझं एकट्याने उचलून परत न्यायचं होतं.

समोरच्या दारातली शेजारीण पाण्याचे दोन पेले घेऊन बाल्कनीत आली. एक भाऊजींना दिला, एक त्याला. पदराने डोळे पुसत ती त्याला म्हणाली, "किती वाट बघितली हो तुमची. सारखं विचारायच्या, खाली गाडी थांबली का बघा. असं झालं तरी काय होतं गाडीला?"

भाऊजींनी मान वर केली नाही.

"आधीच्या मालकाने कधी ऑइलच बदललं नव्हतं," मिस्त्री म्हणाला.

"बाई गं," शेजारीण म्हणाली. "एकेकाला काळीजच नसतं."

"नसतं," भाऊजी म्हणाले.

मिस्त्री हातातलं पाणी तसंच धरून खाली मान घालून ऐकत राहिला.